अकोल्याला दोन कागद का लागतात?

जठारपेठेत राहणाऱ्या एखाद्याला वाटलं, आपल्या शहराचा सरकारी नकाशा घरी असावा. त्याने सर्व्हे ऑफ इंडियाकडे अकोल्याचं टोपोशीट मागितलं, तर समोरून प्रश्न येईल : कोणतं अकोलं? पश्चिमेकडचं की पूर्वेकडचं? कारण या खात्याच्या हिशेबात अकोला एका कागदावर मावत नाही. अर्धं शहर एका कागदावर आहे, अर्धं दुसऱ्यावर. असंच अमरावतीचं. तिथल्या माणसालाही दोन कागद विकत घेऊन कडेला कड लावावी लागते.

वऱ्हाडातल्या दोन्ही मोठ्या शहरांच्या मधून कोणी कात्री का चालवली असेल? यात वऱ्हाडावर राग वगैरे काही नाही. पण या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलं, की दोनशे वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख मोजला कसा गेला, डोंगर सपाट कागदावर उतरले कसे आणि त्या जुन्या कागदांवर आज किती विश्वास ठेवावा, हे सगळं हळूहळू उलगडतं.

कात्री कुठून चालते

टोपोशीट म्हणजे स्थलनिर्देशक नकाशा. शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात हाच शब्द असतो. राजकीय नकाशात जिल्हा आणि त्याची हद्द महत्त्वाची. टोपोशीटला जिल्ह्याशी फारसं देणंघेणं नसतं. जमिनीवर जे उभं आहे, वाहतं आहे, चढतं-उतरतं आहे, ते सगळं ठरावीक मापात दाखवणं हे त्याचं काम.

आता अख्खा देश असा दाखवायचा तर कागद कापावे लागणारच. ते जिल्ह्याच्या हद्दीवरून कापले असते, तर दर वेळी जिल्हा फुटला की नकाशे नव्याने आखावे लागले असते. वाशीम 1998 मध्ये अकोल्यातून वेगळा झाला, तेव्हा ही पाळी आली असती. म्हणून कात्री चालते ती अक्षांश-रेखांशांवरून. त्या रेषांना निवडणूक लागत नाही.

पद्धत अशी. देशाचे आधी 4 अंश लांब आणि 4 अंश रुंद असे मोठे तुकडे केले आणि त्यांना क्रमांक दिले. मुंबई 47 क्रमांकात येते. पूर्वेला 76 ते 80 रेखांश आणि उत्तरेला 20 ते 24 अक्षांश यांमधला तुकडा 55. जवळजवळ सगळा वऱ्हाड, शिवाय नागपूर आणि वरचा सातपुडा या 55 मध्ये बसतो. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण बाजूसारखे दक्षिणेकडचे काही भाग तेवढे खालच्या 56 मध्ये उतरतात. मग 55 चे एकेक अंशाचे 16 भाग. त्यांना ए पासून पी पर्यंत इंग्रजी अक्षरं, वरून खाली आणि मग पुढच्या उभ्या ओळीत. त्या प्रत्येक भागाचे पुन्हा 16 तुकडे, 15 कलांचे. (एका अंशाच्या साठाव्या भागाला कला म्हणतात.) हा शेवटचा तुकडा म्हणजे आपल्या हातात येणारं 1:50,000 मापाचं टोपोशीट. या मापात कागदावरचे 2 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा 1 किलोमीटर. आपल्या अक्षांशावर असा एक कागद पूर्व-पश्चिम सुमारे 26 आणि दक्षिणोत्तर सुमारे 28 किलोमीटर मुलूख दाखवतो.

अकोल्याचं दुर्दैव एवढंच, की पूर्वेचा 77 वा रेखांश शहरातूनच जातो. त्याच्या पश्चिमेचं शहर 55 डी/14 वर आणि पूर्वेचं 55 एच/2 वर. अमरावती 77 अंश 45 कलांच्या रेषेवर बसली आहे, म्हणून तिचे तुकडे 55 एच/9 आणि 55 एच/13. चिखलदरा मात्र 55 जी/7 वर आहे, त्याला कात्री लागलेली नाही.

ही विभागणी नंतरची. पण कापायच्या रेषा जमिनीवर नेमक्या कुठून जातात, हे आधी कोणीतरी मोजून ठरवायला हवं होतं.

एक बाजू मोजायची, बाकी कोन

डिसेंबर 1803 मध्ये इंग्रज फौजेचे आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडासमोर उभे होते. नोव्हेंबरच्या 29 तारखेला अडगावची लढाई होऊन नागपूरकर भोसल्यांची फौज मागे हटली होती. दक्षिणेकडून, म्हणजे अचलपूरच्या बाजूने पाहिलं तर गड उभ्या कड्यावर. उत्तरेकडून मात्र तो पठाराला जोडलेला. ही गोष्ट स्थानिकांना माहीत होती, पण फौजेकडे ती दाखवणारा नकाशा नव्हता. स्टीव्हन्सनच्या माणसांनी डोंगरातून वाट पाडत, तोफा ओढत, लांबचा वळसा घेतला आणि उत्तरेच्या बाजूने मारा केला. 15 डिसेंबरला गड पडला. लष्कराला नकाशे कशाला लागतात, याचं याहून चांगलं उदाहरण आपल्या भागात सापडणार नाही.

याच वेलस्लीच्या 33 व्या पलटणीत विल्यम लॅम्बटन नावाचा एक अधिकारी होता. श्रीरंगपट्टणच्या 1799 च्या लढाईनंतर त्याने द्वीपकल्प शास्त्रीय पद्धतीने मोजण्याची योजना मांडली. वेलस्लीने ती उचलून धरली. 10 एप्रिल 1802 रोजी मद्रासजवळ काम सुरू झालं. तेच पुढे त्रिकोणमितीय सर्वेक्षण म्हणून ओळखलं गेलं.

त्यामागची युक्ती शाळेतलीच आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या दोन बाजू हिशेबाने काढता येतात. मग जमिनीवर साखळी टाकत मोजायची ती फक्त पहिली बाजू, आधाररेषा. लॅम्बटनची पहिली आधाररेषा सुमारे साडेसात मैलांची होती आणि ती मोजायला जवळपास दोन महिने लागले. त्यानंतर साखळी गुंडाळून ठेवली तरी चालतं. आधाररेषेच्या दोन टोकांवरून लांबच्या एका टेकडीकडे पाहायचं, कोन वाचायचे, टेकडीचं अंतर काढायचं. आता ते अंतर म्हणजेच नव्या त्रिकोणाची माहीत असलेली बाजू. तिच्यावरून पुढची टेकडी. असे त्रिकोण एकाला एक लावत शेकडो मैल जायचं आणि मध्येच कुठेतरी पुन्हा एक आधाररेषा प्रत्यक्ष मोजून हिशेब जुळतो का ते पाहायचं.

कोन वाचायचं यंत्र म्हणजे थिओडोलाइट. लॅम्बटनचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. तो डोंगरमाथ्यावर चढवणारे, झेंडे घेऊन दूरच्या टेकड्यांवर उभे राहणारे, दृष्टीच्या आड येणारी झाडं तोडणारे खलाशी हे या खात्याचे खरे पाय. त्यांची नावं नकाशाच्या कडेला छापलेली नाहीत.

वऱ्हाड या कामाला सोयीचा होता, कारण मध्ये पूर्णेचं सपाट खोरं आणि दोन्ही कडांना डोंगर : उत्तरेला गाविलगडाची रांग, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. अडचण होती हवेची. उन्हाळ्यात धूळ आणि तापलेल्या जमिनीवर थरथरणारी हवा यामुळे दूरची खूण स्थिर दिसत नाही. पावसाळ्यात हवा धुऊन निघते आणि नजर लांब जाते. म्हणून लॅम्बटनच्या काळात पावसाळ्यातच काम चाले आणि माणसं जंगलात हिवतापाने पडत. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने रात्री दिवे लावून आणि दिवसा आरशाने ऊन परतवून खुणा दाखवायची पद्धत रूढ केली.

दक्षिणेच्या टोकापासून निघालेली त्रिकोणांची ही माळ, जिला पुढे महाकंस म्हटलं गेलं, ती अमरावतीजवळच्या रेखांशावरून उत्तरेला गेली. लॅम्बटन स्वतः तिचं उत्तर टोक पाहू शकला नाही. हैदराबादहून नागपूरकडे जाताना जानेवारी 1823 मध्ये तो हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. वर्धा जिल्ह्यातल्या किती लोकांना हे माहीत असेल, कोण जाणे.

ओळंबा डोंगराकडे झुकतो

लॅम्बटननंतर काम एव्हरेस्टकडे आलं. आपण त्याला एका शिखराच्या नावाने ओळखतो, पण त्या शिखराला त्याचं नाव मिळालं 1865 मध्ये, तो खात्यातून निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाल्यावर. त्याच्या आयुष्यातला एक मोठा प्रश्न मात्र वऱ्हाडात उभा राहिला.

त्रिकोणांनी अंतर कळतं. पण पृथ्वीवर आपण नेमके कुठे आहोत, हे ताऱ्यांवरून काढावं लागतं. तारा माथ्यावरून किती अंशांनी ढळला आहे, हे मोजलं की अक्षांश निघतो. आता ‘माथ्यावर’ म्हणजे नेमकं कुठे, हे कोण सांगणार? ओळंबा. गवंडी भिंत सरळ आहे का ते पाहायला जो वापरतो तोच. ओळंब्याची दोरी जिकडे खाली जाते, तिच्या बरोबर उलट दिशा म्हणजे माथा.

इंग्रजी कागदपत्रांत ‘टाकल खेरा’ असं लिहिलेलं वऱ्हाडातलं एक ठाणं आहे, 21 अंश अक्षांशाच्या थोडं वर. लॅम्बटनच्या काळात महाकंस इथवर पोहोचला होता. या ठाण्याच्या दक्षिणेला पूर्णेचं सपाट खोरं आणि उत्तरेला सातपुड्याचा प्रचंड दगडी ढीग. गुरुत्वाकर्षण सगळ्या वस्तुमानाला असतं, डोंगरालाही. मग डोंगर ओळंब्याला आपल्याकडे किंचित ओढणार. ओळंबा किंचित झुकला की माथाही चुकला, आणि माथा चुकला की अक्षांश चुकला. हा झुकाव डोळ्यांना दिसण्याइतका नसतो. पण अक्षांशात एका विकलेची (कलेच्या साठाव्या भागाची) चूक म्हणजे जमिनीवर सुमारे 31 मीटर. एव्हरेस्टने 1830 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या डोंगरांच्या ओढीचा हिशेब मांडला आहे.

पुढे हाच प्रश्न हिमालयाजवळ मोठा होऊन आला. सिरोंजजवळचं कल्याणपूर आणि उत्तरेकडचं कलियाना या दोन ठाण्यांमधलं अंतर त्रिकोणांनी काढलं तर एक येई, ताऱ्यांनी काढलं तर दुसरं. फरक 5.236 विकलांचा. कोलकात्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी हिमालयाचं वस्तुमान धरून गणित केलं, तर फरक जवळजवळ 16 विकला यायला हवा होता. म्हणजे हिमालय अपेक्षेपेक्षा कमी ओढतो! 1855 मध्ये खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरीने याचं स्पष्टीकरण दिलं : डोंगरांच्या खाली, खोलवर, आजूबाजूच्यापेक्षा हलका खडक मुळासारखा गेलेला असतो. भूशास्त्रातला हा पायाचा विचार नकाशे काढणाऱ्यांच्या हिशेबातल्या एका न जुळणाऱ्या आकड्यातून आला.

एव्हरेस्टने 1830 मध्ये आणखी एक गोष्ट दिली : पृथ्वीच्या चपटेपणाचं माप. पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे दबलेली आहे. किती दबलेली, हे महाकंसाच्या मोजमापातून काढून त्याने पृथ्वीचा एक गणिती आकार ठरवला. भारताचे नकाशे पावणेदोनशे वर्षं त्याच आकारावर आखले गेले. मोबाइलमधलं जीपीएस वेगळा, जगभर वापरला जाणारा डब्ल्यूजीएस-84 हा आकार धरतं. परिणाम असा, की जुन्या टोपोशीटवरचा 77 वा रेखांश आणि मोबाइलवरचा 77 वा रेखांश अकोल्यात एकमेकांपासून शंभराहून थोड्या अधिक मीटरवर आहेत. या दोन रेषांच्या मधल्या पट्टीत ज्यांची घरं आहेत, ती जुन्या हिशेबाने एका कागदावर आणि नव्या हिशेबाने दुसऱ्यावर. जुन्या नकाशावरून विहिरीचे अंश-कला काढून ते तसेच फोनमध्ये घातले आणि विहीर सापडली नाही, तर दोष विहिरीचा नाही.

पाणी उतरल्यावर राहिलेल्या रेघा

त्रिकोणांनी जमिनीवर काही ठाम बिंदू दिले. त्यांच्या मधला भाग भरला प्लेन टेबलवाल्यांनी. तिपाईवर बसवलेला सपाट फळा, त्यावर कागद आणि ठाम बिंदू आधीच खुणावलेले. सर्व्हेअर एका टेकडीवर बसतो, समोरच्या देवळाकडे पट्टी रोखून रेघ ओढतो. मग दुसऱ्या टेकडीवर जाऊन त्याच देवळाकडे दुसरी रेघ. दोन रेघा जिथे छेदतात तिथे देऊळ. गाव, नाला, पांदण, विहीर असं एकेक करत कागद भरतो. विमानातून फोटो काढून नकाशे करायची पद्धत नंतर आली. जुने कागद माणसांनी चालत काढलेले आहेत.

पण उंची? सपाट कागदावर डोंगर कसा दाखवायचा? एकोणिसाव्या शतकातल्या नकाशांत डोंगर आखूड आखूड रेघांनी काढत. चढ जितका उभा तितक्या रेघा गडद. दिसायला सुंदर, पण त्यावरून गाविलगडाची उंची सांगता येत नसे. 1905 नंतर खात्याने एक इंचाला एक मैल या मापाची नवी रंगीत मालिका हाती घेतली आणि त्यात समोच्च रेषा आल्या. सारख्या उंचीचे सगळे बिंदू जोडणारी रेषा ती समोच्च रेषा.

ती समजून घ्यायला काटेपूर्णेच्या महान धरणावर एप्रिल-मेमध्ये जावं. पाणी जसजसं उतरत जातं तसतशी काठावर मातीची एकेक रेघ मागे राहते. प्रत्येक रेघ म्हणजे कधीतरी पाणी जिथवर होतं ती पातळी, त्यामुळे एका रेघेवरचा प्रत्येक ठिपका सारख्याच उंचीवर. काठ जिथे उभा, तिथे रेघा एकमेकींना चिकटलेल्या. काठ जिथे पसरट, तिथे दोन रेघांमध्ये बैलगाडी वळवता येईल एवढी जागा. ओघळ जिथे धरणात उतरतो तिथे प्रत्येक रेघ आत, ओघळाच्या वरच्या बाजूला टोक काढते. आकाशातून हे पाहिलं तर जे दिसेल तेच नकाशावरच्या तपकिरी रेषा दाखवतात. फरक एवढाच, की तिथे पाणी नसतं, समुद्रसपाटीपासून दर ठरावीक उंचीला एक रेषा मोजून काढलेली असते. 1:50,000 च्या कागदावर डोंगरात साधारण 20 मीटरला एक, मैदानात 10 मीटरला एक.

अकोल्यात समुद्र कुठून आला, असं कोणी विचारेल. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती याच कामातून आलेली. किनाऱ्यावरच्या नऊ बंदरांत भरती-ओहोटीची सरासरी पातळी काढून तिथून रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या कडेने पायरी-पायरीने उंची आत आणली गेली. देशभराच्या त्या जाळ्याचा हिशेब 1909 मध्ये पक्का झाला.

आता 55 जी/7 समोर ठेवा आणि गाविलगड पाहा. दक्षिणेला तपकिरी रेषा इतक्या दाट, की कागद मातकट दिसतो. उत्तरेला, चिखलदऱ्याच्या पठाराकडे, त्या सुटतात. स्टीव्हन्सनने तोफा ओढत जे शोधलं, ते इथे बोटाने दिसतं.

बोट तसंच गाविलगडाच्या कण्यावरून सरकवा. या रांगेच्या दक्षिणेला पडलेलं पाणी चंद्रभागा, शहानूर अशा नद्यांतून पूर्णेला जातं. उत्तर उतारावर पडलेलं पाणी सिपना आणि गडगा तापीला नेतात. माथ्यावर शेजारी-शेजारी पडलेले दोन थेंब असे पाठ फिरवून निघतात. एक मेळघाटाच्या सागवनातून, दुसरा दर्यापूर-अकोल्याच्या काळ्या मातीतून. शेवटी जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते तेव्हा दोघं पुन्हा एकाच पात्रात. समोच्च रेषांवरून ही विभाजक रेषा शोधणं हा टोपोशीटवरचा सगळ्यात आनंदाचा खेळ आहे, असं माझं मत. मेळघाटातलं सर्वांत उंच ठिकाण वैराट, सुमारे 1178 मीटर, याच पट्ट्यात.

डोंगर सोडून खाली उतरलं की नकाशा एकदम रिकामा होतो. खारपाणपट्ट्यात पूर्णेच्या दोन्ही बाजूंना तपकिरी रेषा शोधाव्या लागतात. समजा 10 मीटरच्या दोन रेषांत कागदावर 5 सेंटिमीटर अंतर आहे. म्हणजे जमिनीवर अडीच किलोमीटरला 10 मीटर उतार, अडीचशेला एक. पावसाचं पाणी इथे वाहायला तयार नसतं, रेंगाळतं. जमिनीतले क्षार धुऊन न जाण्याला गाळाची चिकण माती जशी कारण आहे तसा हा उतारही. शेजारच्या डोंगरातल्या कागदावर हेच गणित करा. 20 मीटरच्या दोन रेषांत 1 मिलिमीटर असेल, तर 50 मीटर चाललं की 20 मीटर वर.

असा चढ माणूस धापा टाकत चढतो. आगगाडी चढत नाही. समजा गाडीला शंभर मीटरला एक मीटर चढ झेपतो. मग एका समोच्च रेषेवरून पुढच्या रेषेवर जायला तिला 2 किलोमीटर रूळ लागणार, आणि समोर जागा फक्त 50 मीटर. उपाय एकच : सरळ न जाता रेषेच्या कडेकडेने हळूहळू वर सरकायचं. अकोला-खंडवा मीटरगेज मार्गावरच्या धूळघाटात हा उपाय टोकाला नेला होता. स्वातंत्र्यानंतर झालेल्या या मार्गावर रूळ एक मोठा फेरा घेऊन स्वतःच्याच वरून पुलाने जात. गाडीतल्या लोकांना खिडकीतून खाली आपलाच मार्ग दिसे. आगगाडी अशी का गिरकी घेई हे गाडीत बसून कळत नसे, टोपोशीटवर लगेच कळतं. ब्रॉडगेज करताना हा मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पाबाहेरून वळवायचं ठरलं, त्यामुळे नव्या आवृत्त्यांत हा फेरा जुना झालेला असेल.

चौकट : जुनं टोपोशीट हाती आलं तर

• आधी कडेचा मजकूर वाचा. सर्वेक्षणाचं साल आणि छपाईचं साल वेगळी असतात. खरं साल सर्वेक्षणाचं.
• माप पाहा. 1:63,360 म्हणजे एक इंचाला एक मैल, उंची फुटांत. 1:50,000 असेल तर मीटरमध्ये.
• तपकिरी रेषा उंचीच्या, हिरवा रंग झाडीचा, पिवळा शेतीचा, लाल रस्ते आणि वस्तीचा, निळा पाण्याचा.
• त्रिकोणाच्या मध्ये ठिपका : त्रिकोणन ठाणं. बाजूचा आकडा उंचीचा.
• ‘3 आर’, ‘6 आर’ असे आकडे समुद्रसपाटीचे नाहीत. नाल्याचा काठ किंवा बांध आजूबाजूच्या जमिनीपासून किती खोल वा उंच, ते ते सांगतात.
• चुंबकसुई दाखवते ती उत्तर आणि नकाशाची उत्तर यांत फरक असतो. तो कडेला दिलेला असतो आणि वर्षांनुसार बदलतो.

काळी नदी, निळी नदी

वऱ्हाडाचं टोपोशीट पहिल्यांदा पाहणाऱ्याला एक गोष्ट खटकते. नद्या निळ्या नाहीत. बहुतेक नाले काळ्या रेघेने काढलेले. ही छपाईची चूक नव्हे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पद्धतीत बारमाही पाणी निळं आणि वर्षातला बराच काळ कोरडा राहणारा प्रवाह काळा. मोठ्या नदीचे काठ काळे, मध्ये वाळूचे ठिपके आणि त्यातून फिरणारी बारीक निळी धार, म्हणजे उन्हाळ्यात जेवढं पाणी उरतं तेवढंच. विहिरी, तळी, कोरडी तळी यांनाही वेगवेगळ्या खुणा आहेत.

त्यामुळे एखाद्या नाल्याचा जुना आणि नवा कागद शेजारी ठेवून ‘तेव्हा निळा होता, आता काळा आहे’ असं दिसलं, तर पाणी आटल्याचा तो एक धागा आहे. पण घाई करू नये. सर्वेक्षण पावसाळा संपता-संपता झालं की एप्रिलमध्ये, यावर नाल्याचा रंग ठरू शकतो. ओलं वर्ष की कोरडं, यावरही. एका कागदावरून निकाल देण्यापेक्षा गावातल्या जुन्या माणसाला विचारावं आणि विहिरींची खोली पाहावी.

जंगलाच्या बाबतीत कागद अधिक बोलका. मेळघाटाच्या कागदांवर हिरव्या रंगावर इंग्रजीत लिहिलेलं असतं : दाट मिश्र जंगल, मुख्यतः साग. किंवा विरळ झुडपी. बाजूला ‘आर एफ’, म्हणजे राखीव जंगल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेळघाटचे भाग राखीव होऊ लागले, तेव्हापासून वनखात्याला सागाचा हिशेब हवा होता आणि नकाशावर झाडाची जात लिहिण्याएवढी बारकाई त्या गरजेतून आली. तिथल्या कोरकू आदिवासींनी ज्या झाडांची पानं, फळं, कंद वापरले त्यांची नोंद त्या हिरव्या रंगात नाही. नकाशा कोणाच्या गरजेसाठी काढला होता, हे त्यात काय नाही यावरून कळतं. लष्कराला घाटवाट, पाणवठा आणि छावणीची जागा हवी होती. महसुलाला गाव हवं होतं. डाकबंगला, विश्रामगृह, पोलीस ठाणं, टपालघर या सगळ्यांना स्वतंत्र अक्षरखुणा आहेत. आठवडी बाजाराचीही नोंद असते. गावातलं कोणतं टोक कोणाचं, याची नसते.

कागदावरचं साल

जुन्या कागदावर महानचं धरण नाही. वारी भैरवगडजवळचा वानचा जलाशय नाही, शहानूर नाही, मोर्शीजवळचं ऊर्ध्व वर्धा नाही. तिथे खोऱ्यातून नदी, तिच्या काठाने वाटा आणि काही ठिकाणी गावं दिसतात. धरण होण्यापूर्वी तळाशी काय होतं, हे पाहायला असा नकाशा हाताशी असावा. शिवाय त्यावरच्या समोच्च रेषांवरून किती मीटर पाणी चढलं की कुठवर फुगेल, हे पेन्सिलीने आखता येतं. धरणाचे अभियंते सुरुवातीला हेच करत.

मेळघाटात उलटं घडलं आहे. बोरी, कोहा, कुंड ही गावं जुन्या कागदावर आहेत, लाल ठिपक्यांनी, वाटांसह. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून त्यांचं पुनर्वसन झालं आणि आता तिथे गवताची कुरणं आहेत. एका जागेचे तीन वेगळ्या काळांतले कागद मिळाले तर ते एकावर एक ठेवून पाहावेत, म्हणजे कोणती पायवाट गाडीवाट झाली, कोणती डांबरी झाली आणि कोणती पुसून गेली, हे समजतं. संगणकावर हे काम सोपं झालं आहे. जुन्या कागदाचं स्कॅन घ्यायचं, त्यावरचे चार-सहा न हलणारे बिंदू निवडायचे आणि ते आजच्या उपग्रहचित्रावरच्या त्याच बिंदूंना जुळवायचे. न हलणारे बिंदू म्हणजे जुनं देऊळ, रेल्वेचा पूल, गडाचा बुरूज, त्रिकोणन ठाणं. नदीचं वळण धरू नये, पूर्णेसारखी गाळातली नदी वळण बदलते. आणि मघाशी सांगितलेला शंभरेक मीटरचा सरकाव विसरू नये.

हे कागद मिळवणं पूर्वी कटकटीचं होतं. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्करासाठी एक आणि सर्वांसाठी एक अशा दोन मालिका केल्या. सर्वांसाठीची ती खुली मालिका डब्ल्यूजीएस-84 वर आहे आणि तिच्या क्रमांकांची पद्धतही वेगळी, त्यामुळे जुन्या 55 डी/14 चा नवा जोडीदार शोधताना सूची पाहावी लागते. फेब्रुवारी 2021 मध्ये नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरचे निर्बंध आणखी सैल झाले. खात्याच्या संकेतस्थळावरून खुल्या मालिकेचे कागद उतरवून घेता येतात.

एका कामासाठी मात्र टोपोशीट घेऊन जाऊ नये. धुऱ्याचा वाद. या मापावर एक हेक्टरचं चौकोनी वावर 2 मिलिमीटरचा ठिपका होतं आणि धुरा तर कागदावर येतच नाही. शेताच्या हद्दी हा वेगळाच कारखाना : वऱ्हाडात मुंबई पद्धतीची रयतवारी आली, तेव्हा शेत-शेत मोजून गावनकाशे झाले. त्यांत सर्व्हे नंबर आहेत, शिव आहे, पांदण आहे, पण उंची नाही. ते नकाशे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात असतात, आणि शेजाऱ्याने दोन तास आत घेतले की नाही याचा निकाल तिथूनच मोजणी आणून लागतो.